गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ घरात करावा की काही दिवस टाळावा?

तुमचा प्रश्न वाचला. वडील जाऊन पाच महिने झालेत, आमरस म्हणजे त्यांचा जीव की प्राण, आणि आता आंबे आलेत तर आई घरात पेटी येऊच देत नाहीये. बहिणीचं म्हणणं उलट, की बाबांच्या नावाने रस करू आणि चार लोकांना जेवायला बोलवू. आणि तुम्ही दोघींच्या मधे. मी काही समुपदेशक वगैरे नाही, पुण्यात अकाउंट्सची कामं करतो, पण आमच्याकडे हाच घोळ दीड वर्ष चालला होता, फक्त आंब्याच्या जागी बेरी होती, म्हणून लिहितोय. लांबेल, चहा घेऊन बसा.

बेरी म्हणजे ती स्ट्रॉबेरीतली नव्हे. घरी लोणी कढवलं की पातेल्याच्या बुडाशी जो तपकिरी गाळ राहतो ती बेरी. लोणी म्हणजे नुसतं तूप नसतं ना, त्यात पाणी असतं आणि दुधातली थोडी प्रथिनं न् साखर असते, पाणी उडून गेलं की हा बाकीचा ऐवज खाली बसतो आणि तुपातच भाजला जातो, त्याचा तो खमंग वास. काही घरात टाकून देतात (अशा घरांबद्दल आमच्या नानांचं मत इथे लिहिण्यासारखं नाही), काही घरात कणकेत घालतात, पोळ्या मऊ होतात, कुणी साखर आणि ओलं खोबरं घालून वड्या पण करतात. आमच्याकडे नाना खायचे. संपला विषय.

नाना म्हणजे माझे मोठे काका. खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत होते, नारायण पेठेतल्या वाड्यातून खडकीला रोज सायकलने, रिटायर होईपर्यंत. त्यांना खाण्यातलं फार काही कळायचं असंही नाही हो. श्रीखंड दिलं श्रीखंड खाल्लं, पिठलं दिलं पिठलं खाल्लं, बाहेरची मिसळ चालली तर चालली. मागून घ्यायचे ती एकच गोष्ट, बेरी, आणि ती मागून मिळत नाही हीच तर गंमत आहे. रोज एक लिटर म्हशीचं दूध, त्याची साय काढून डब्यात ठेवायची, आठ दहा दिवस साठवायची, मग विरजण लावायचं, दुसऱ्या दिवशी घुसळायचं, लोणी धुवून घ्यायचं आणि मग कढवायचं. एवढं सगळं झाल्यावर चांगलं पाव किलोच्या वर तूप निघतं आणि बेरी किती, तर दोन तीन चमचे. म्हणजे महिन्यातून तीनदा. दिवाळीला जास्त नाही नि पाहुणे आले म्हणून लवकर नाही.

तूप कढायला लागलं की नाना स्वयंपाकघराच्या दाराशी. हातात पेपर असायचा, पण पान उलटायचे नाहीत. कढणाऱ्या लोण्याचा आवाज असतो एक, आधी जोरात तडतडतं, त्यात पाणी असतं तोवर, मग हळूहळू बारीक होत जातं आणि एका क्षणाला सगळं गप्प होतं नि वर बारीक फेस येतो. तो आवाज थांबला की नाना पेपरची घडी करायचे. काकू गॅस बंद करून वर पाण्याचा हबका मारायची, चर्रर्र, मग गाळणीने तूप बरणीत, आणि पातेलं ओट्यावर नानांच्या बाजूला सरकवायची. एक शब्द नाही. नाना उलथन्याने खरवडायचे, त्यावर चमचाभर साखर भुरभुरायचे आणि तिथेच ओट्याला टेकून उभ्याने खायचे, पातेल्यातूनच. शेवटी त्याच पातेल्यात सकाळचा भात आणि मीठ घालून कडेकडेने पुसून काढायचे, तो भात मात्र आम्हा पोरांना एकेक घास मिळायचा. बेरी नाही.

आणि मग पातेलं घासायचे. हे महत्त्वाचंय, नंतर येणारे. तुपाचं करपट पातेलं घासणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच कळेल, भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी एकदा स्पष्ट सांगितलं की हे पातेलं असेल तर पैसे वाढवून द्या, तेव्हापासून नानांनी ते स्वतःकडे घेतलं. आयुष्यात त्यांनी घासलेलं हे एकमेव भांडं, चहाचा कपसुद्धा कधी विसळला नाही माणसाने. आधी राख आणि नारळाची शेंडी, पुढे तारेची घासणी. ते पातेलं १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरातून वाचलेलं आहे असं ते सांगायचे, चिखलातनं आजोबांनी उपसून काढलं वगैरे. (पेठांमधे प्रत्येक घरात पानशेतातून वाचलेली एक तरी वस्तू असते आणि दर वर्षी तिची गोष्ट थोडी वाढते.) काकू म्हणायची, काहीतरीच, तुळशीबागेतून मी स्वतः आणलंय, लग्नानंतर. दोघांपैकी खरं कोण ते आजपर्यंत कळलेलं नाही.

पुढे अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी तूप बंद सांगितलं. नानांचा युक्तिवाद असा की तूप तर गाळून बरणीत गेलं, खाली उरलं ते तूप नाहीच, मग ते खायला काय हरकत आहे. म्हटलं नाना, तो गाळ तुपात निथळतोय. तर म्हणाले, तू अकाउंटंट आहेस ना, मग शिल्लक आणि खर्च यातला फरक तुला कळायला पाहिजे. यावर काय बोलणार.

२०२२ च्या जानेवारीत गेले. झोपेत, फार त्रास नाही झाला. पहिले दिवस नेहमीसारखेच, घरात चूल नाही, समोरच्यांनी पिठलं भात आणला, कोण आलं कोण गेलं काही आठवत नाही. दहाव्याच्या आदल्या दिवशी गुरुजींचा फोन, उद्या ओंकारेश्वरावर घाटावर येताना त्यांच्या आवडीचं काहीतरी घेऊन या, पिंडाजवळ ठेवायला. फोन बाबांनी घेतला होता. बाबा दोन सेकंद थांबले आणि म्हणाले, श्रीखंड. म्हणजे आता गुरुजींना काय सांगणार, की तुपाचा गाळ आवडायचा? मलाही ते तेव्हा बरोबरच वाटलं. श्रीखंडाचा डबा गेला. तुम्ही ऐकलं असेल ना, इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, मग घरातले हात जोडून काय काय आश्वासनं देतात. आमच्याकडे कावळ्याने अर्ध्या मिनिटात काम उरकलं. ओंकारेश्वराचे कावळे आहेत ते, त्यांचा दिवसाला किती पिंडांचा अनुभव. मला तेव्हा बरं वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, जरा रागच आला. म्हटलं श्रीखंडावर भागलं तुमचं?

त्यानंतर काकूने तूप करणं बंद केलं. जाहीर वगैरे काही केलं नाही, एक दिवस किराण्याच्या यादीत तुपाची पिशवी दिसली, पुढच्या महिन्यात परत दिसली. वाडा बिल्डरकडे गेल्यापासून आम्ही सिंहगड रोडला एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो, आमच्या दारातून त्यांच्या दारात चार पावलं. त्यामुळे फ्रिजमधला सायीचा डबा गेला हे पण लक्षात आलं, साय ती दूध तापवतानाच ढवळून टाकायची. वर्षभर सणवार नव्हतेच, पहिल्या दिवाळीला फराळ शेजाऱ्यांनी आणि नाशिकहून चुलतबहिणीने पाठवला तेवढाच. ते ठीक होतं, ती रीतच आहे. पण वर्षश्राद्ध झालं, सगळं रुळावर आलं, काकू भिशीला जायला लागली, तरी तूप नाही ते नाहीच. माझ्या आईने एकदा सुचवून बघितलं, वहिनी, साय फुकट जाते हो. काकू म्हणाली, जाऊदे ना, किती खातो आता आपण. आईने परत विषय काढला नाही आणि मला पण नजरेने गप्प बसवलं. तुमच्या आईचं आंब्याचं वाचलं तेव्हा मला हेच आठवलं बघा. माणूस "मला त्रास होतो" असं म्हणत नाही, "महाग झालेत", "फार गोड खाऊ नये" असं काहीतरी म्हणतो.

मग २०२३ चा जुलै. बायको आठ दिवस माहेरी गेलेली, फोनवर म्हणाली फ्रीजरमधे सायीचे दोन डबे भरलेत, एक तर तूप कर नाहीतर टाकून दे. आता मी पडलो चिकट, टाकवेना. व्हिडिओ बघून विरजण लावलं, मिक्सरवर फिरवलं, बर्फाचं पाणी घातल्यावर लोणी खरंच वर आलं तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. पातेल्यात कढायला ठेवलं. आणि नेमकी २० तारीख, जीएसटीच्या रिटर्नची शेवटची तारीख, क्लायंटचा फोन आला आणि मी बाल्कनीत गेलो. पंधरा मिनिटं तरी गेली असतील. परत आलो तर घरभर वास, तूप पार मधाच्या रंगाचं, बुडाशी चॉकलेटी, आणि ओट्यासमोर काकू. अनवाणी, पदराला हात पुसत. गॅस तिनेच बंद केला होता.

वासाचं कुठेतरी वाचलंय मी, बघणं ऐकणं हे सगळं मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या जंक्शनवर थांबून पुढे जातं, वास तसा थांबत नाही, तो थेट भावना आणि आठवणी जिथे असतात तिथेच जाऊन धडकतो. त्या दिवशी ते चार पावलांचं अंतर ओलांडून धडकला असणार.

मी म्हटलं, सॉरी काकू, करपवलं सगळं. ती काही बोलली नाही. मी गाळणी शोधत होतो तर तिने माझ्या हातातून चिमटा घेतला, स्वतः तूप गाळलं, उलथनं फिरवलं खाली, चमच्यावर थोडी बेरी घेऊन फुंकर मारली आणि तोंडात टाकली. आणि म्हणाली, "अजून एक मिनिट हवं होतं."

आता इथे तुम्हाला मागची एक गोष्ट सांगायला पाहिजे. काकूचं तूप हा आमच्या घरातला जुना विनोद होता. माझ्या आईचं तूप पांढरं शुभ्र, रवाळ, आणि काकूचं नेहमी तांबूस, जरा जास्तच कढलेलं. आजी सगळ्यांसमोर म्हणायची की थोरलीच्या हाताला तूप नाही. नैवेद्याच्या वरणभातावर आईच्या पाळीचं तूप वाढायचं आणि काकूचं रोजच्याला, असा अलिखित नियमच होता. बाबा तर त्याला "शिकेकाई" म्हणायचे. आणि काकू, जी इतर बाबतीत एकाला दोन ऐकवायची, ह्या विषयावर कधीही काही बोलली नाही. आम्हाला वाटायचं की खरंच तिला जमत नाही म्हणून गप्प बसते.

तर त्या दिवशी ओट्याशी उभं राहून काकू मला सांगतेय, "ह्यांना कडक लागायची. दाताखाली कुरकुरली पाहिजे. तूप चांगलं ठेवायचं तर बेरी मऊ राहते, चिकट. बेरी कडक हवी तर तूप जरा बिघडतं. दोन्ही होत नाही." मी म्हटलं, म्हणजे तू मुद्दाम? तर म्हणाली, "मग काय, मला काय तूप कढवता येत नाही?" एवढ्या तोऱ्यात म्हणाली की मी हसायलाच लागलो. म्हटलं नानांना माहीत होतं? "छे रे. सांगितलं असतं तर ओरडले असते, एवढं तूप बिघडवतेस म्हणून. आणि सासूबाईंना कळलं असतं तर झालंच." म्हणजे चाळीसेक वर्षं अख्ख्या घराने जरा करपट तूप खाल्लं, शिकेकाई म्हणून हसलो आम्ही, कारण एका माणसाच्या तीन चमचे बेरीला कुरकुरीतपणा हवा होता, आणि त्या माणसालाही पत्ता नाही.

काकू मग तिथेच खुर्चीवर बसली आणि थोडी रडली. मी चहा टाकला. एवढंच झालं. चित्रपटात दाखवतात तसं काही नाही.

आता तुमच्याकडे येतो. करावा की टाळावा, ह्याचं उत्तर मुलांनी देण्यात फार अर्थ नाही असं माझं मत झालंय. आम्ही सगळे धरून चाललो होतो की काकूला नाना बेरी खातानाचे आठवतात म्हणून ती तूप करत नाही. ते असेलच, पण तिच्या बाजूने बघा, तिचं तर एक कामच गेलं होतं, कुणाला न सांगता केलेलं, आणि आता नुसतं चांगलं पांढरं तूप कुणासाठी करायचं? हे आम्हाला विचारून नाही, अपघाताने कळलं. म्हणून तुमच्या आईला आंबे आणू का असं विचारूच नका, त्याला नाही हेच उत्तर येणार. बाबा रस कसा खायचे ते विचारा. हापूसचा की पायरी लागायची, तूप मिरपूड वरून घ्यायचे का सुंठ, वाटीत का ताटातच पोळीबरोबर, आणि आंबे पिळायला कोण बसायचं. काय सांगावं, रस खाण्यापेक्षा तिला ते पेटीतले आंबे गवतातून काढून रोज चाचपून बघणं, हा आज का तो उद्या, ह्यावरचं भांडण आठवत असेल. सांगायला लागली तर सांगू देत, नाहीतर विषय सोडून द्या. या वर्षी पेटी नाही आली तर आंबे पुढच्या वर्षी पण येतात.

बहिणीचा बेत वाईट नाही, पण मला विचाराल तर तो वर्षश्राद्धानंतर. आत्ता चार लोक आले की आईला यजमानीण व्हावं लागेल, सगळे रसाची वाटी हातात घेऊन "त्यांना किती आवडायचा नाही" म्हणणार आणि ती पुऱ्या तळत बसणार. आणि हो, अक्षय्य तृतीया तुमच्याकडे पाळतात का? बऱ्याच घरात त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याची घागर न् आंबा देतात आणि त्याआधी घरात कुणी आंबा खात नाही. आईला जर पटणार असेल तर तो मार्ग बरा पडतो, एकच आंबा, तोही बाबांच्या नावाचा, देऊन मोकळं, रसाचा घाट नाही. पण तेही तिनेच ठरवलं तर. तुम्ही कॅलेंडर घेऊन मागे लागू नका.

आमच्याकडे पुढे काय झालं, तर साय परत साठायला लागली, आता दोन्ही घरांची एकाच डब्यात. काकूला स्वतःला बेरी आवडत नाही हे नवीनच कळलं, घशाशी येते म्हणे. माझी मुलगी एकदा चाखून थू म्हणाली. मी खातो थोडी साखर घालून, मला आवडते की मी खातो म्हणून खातो ते नक्की सांगता येणार नाही, उरलेली कणकेत जाते. तूप मात्र अजून तांबूसच असतं. आईने परवा विचारलं, अहो वहिनी, आता तरी जरा आधी उतरवा की. काकू म्हणाली, सवय झाली हाताला.

त्याच वर्षी पक्षाला गुरुजी आले. पान वाढलं होतं, खीर, वडे, गवारीची भाजी, कारलं, अळूवडी, आमसुलाची चटणी, सगळं रीतसर. आदल्याच दिवशी तूप झालं होतं, मी आत जाऊन हळूच म्हटलं, काकू, वाटीत थोडी बेरी काढून पानात ठेवूया का यंदा. तिने माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मी वेडा आहे. "पानात? पानात कधी खाल्ली त्यांनी?"

गुरुजी जेवून गेले, आमची पण जेवणं झाली, दुपारचे अडीच वाजलेले, सगळे आडवे व्हायच्या तयारीत. मी पाणी प्यायला आत गेलो तर ओट्यावर कालचं तुपाचं पातेलं, तेच ते पानशेतचं किंवा तुळशीबागेतलं, खरवडलेलं, कडेला साखरेचे चार दाणे. शेजारी तारेची घासणी. काकू दाराशी पेपर घेऊन उभी होती.

"घास," म्हणाली. "मावशी हात लावत नाहीत त्याला."